मेंढरांमागे मायलो

मोज्याच्या टाचेला चार भोकं... रक्त नाही, नुसती भोकं, दोन वर, दोन खाली. राजनंदिनीचा शाळेचा पांढरा मोजा बोटांवर चढवून जोतिराम खिडकीच्या उजेडात बघत राहिला. मागून पूनम म्हणाली, "आज काहीतरी ठरवा की. पोरगी त्याच्या भीतीनं घरात भिंतीला धरून चालते." त्यांचा कुत्रा मायलो सोफ्यापाशी पुढच्या पायांवर हनुवटी टेकून दोघांवर नजर ठेवून होता. घरातली तीन माणसं तीन खोल्यांत गेली की हा कासावीस होतो, एकेकाच्या टाचेला दात लावत सगळ्यांना हॉलमध्ये गोळा करतो आणि मगच खाली बसतो.

चावत नाही हो, वळवतो — सोसायटीत किती जणांना जोतिरामनं हे सांगितलं होतं! लोक हसत. हसू देत, पण बॉर्डर कॉली हीच जात त्यानं उगाच निवडली नव्हती. सात रस्त्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर एक फॉर्म भरला होता — तुमच्या जीवनशैलीला साजेसा कुत्रा कोणता? रोज किती चालता? मोकळी जागा किती? कुत्र्याला काम काय देणार? आणि दोन जिने चढून दम लागणाऱ्या जोतिराम गुंडा हाके यानं बेधडक लिहिलं होतं: पंधरा किलोमीटर. माळच माळ. आम्ही पिढीजात मेंढपाळ. खोटं लिहितोय असं तेव्हा जराही वाटलं नाही... गावाकडं वडील, आबा, चालतातच की तेवढं. मेंढरं राखणारा कुत्रा आणि धनगराचं घर, याहून साजेसं काय असणार? शेजारच्या टेबलावरच्या मल्लिनाथला तो ऐटीत म्हणालाही होता, रक्तातच आहे आमच्या. गाढव. मी गाढवच.

म्हणून आज रजा टाकून, मायलोला गाडीत घालून तो होटगीला निघाला. ज्वारी काढलेल्या एका रानात आबांनी मेंढरं बसवली होती, शेताला लेंड्यांचं खत म्हणून. आबा मायलोला ठेवून घेतील याबद्दल त्याला शंकाच नव्हती. उलट आपल्या घरातलं काहीतरी अखेर कळपाच्या कामी येईल, या विचारानं वाटेत त्याचा ऊर भरून आला होता.

गाडीचं दार उघडलं मात्र, मायलो सुटला. असं सुटलेलं जोतिरामनं त्याला कधी पाहिलंच नव्हतं — पोट जमिनीला लावून, लांबून वळसा घेत, एकदाही न भुंकता. आणि विखुरलेली दीडशे मेंढरं बघता बघता एका जागी गोळा झाली. जोतिरामच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात आबांची काठी भिरभिरत गेली आणि मायलोच्या पाठीत बसली.

"धर त्येला! बांध आदी!"

"आबा, त्याचं कामच ते हाय. तिकडं परदेशात हीच कुत्री मेंढरं वळवतात."

"मेंढरं मी वळवतो की. कुत्र्यानं लांडगं बघायचं." बाभळीखाली त्यांचा कुत्रा मोत्या आडवा झोपला होता, एवढ्या गडबडीतही एकच डोळा उघडून. "निम्म्या गाभण हायत, जोत्या. पळवल्या की गाभ टाकत्यात. मेंढरामागं पळणारं कुत्रं आपल्यात कुणी ठिवत न्हाय. तुला एवढं बी ठावं न्हाय व्हय?"

नव्हतं ठाऊक. नवव्या वर्षी घर सुटलेल्याला कुठून ठाऊक असणार?

आबांनी तंबाखू मळली. राग केव्हाच ओसरला होता. उलट काहीतरी आठवून ते मिश्कील हसले. "तू बी आसाच व्हतास लहानपनी. नुसतं पळायचं. एका दुपारी चार मेंढ्यांना गाभ टाकाय लावलास. म्हनून तर तुला मोहोळला बोर्डिंगात ठिवला. थोरला म्हयपती नीट राखायचा, त्यो ऱ्हायला."

एवढं बोलून ते उठले. तोंडानं आवाज काढत लांब कळपाच्या दुसऱ्या टोकाला गेले. आपण काही विशेष बोललो असं त्यांच्या गावीही नव्हतं.

जोतिराम गाडीत येऊन बसला. मागं मायलो धापा टाकत होता. डोळे अजून काचेपलीकडच्या मेंढरांवर. चौतीस वर्षं... आमचे वडील अडाणी, पण शिक्षणाचं मोल त्यांनी ओळखलं, थोरल्याला मागं ठेवून मला शिकवलं — हे त्यानं लग्नात सांगितलं होतं, ऑफिसात सांगितलं होतं, गेल्या वर्षी राजनंदिनीच्या शाळेत माईकवरही सांगितलं होतं. आणि महिपतीदादापुढं तो कायम ओशाळून वावरला होता, त्याचं शिक्षण आपण खाल्लं म्हणून! खोटं आबा बोललेच नव्हते कधी. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

घरी पूनम विचारेल, ठेवलं का? काय सांगायचं? किल्ली लावून तो तसाच बसला. आपल्याला नको असलेलं पोर आपण कुठंतरी नेऊन सोडतो, आणि पुढं तेच पोर त्याला शिक्षण म्हणतं... नाही, इतकं वाईट नसेल. आबांनी त्या दिवशी मला पेढा घेऊन दिला होता, स्टँडवर. बोर्डिंगच्या फाटकात मला सोडून जाताना त्यांनी मागं वळून पाहिलं होतं, दोनदा. हे तर मला लख्ख आठवतं. मी सगळ्यांना सांगत आलोय.

पाहिलं होतं ना?