चौसष्ट बिटांचा मुहूर्त

आमच्या यांना घाई म्हणून माहीत नाही. शाळेत मास्तर होते तेव्हाही पहिली घंटा झाली की चपला शोधायला लागत. पण या उन्हाळ्यात मी त्यांच्यावर जेवढी चिडले, तेवढी पस्तीस वर्षांच्या संसारात चिडले नव्हते.

कारण आमचा वीस वर्षांचा कॉम्प्युटर. हे पत्रिकाही मांडतात; त्यातल्या पत्रिकेच्या प्रोग्रॅममध्ये कर्जतच्या आसपासच्या अठराशे पोरांच्या जन्मवेळा होत्या. मूल झालं की बाप आधी आमच्याकडे वेळ सांगून जायचा, मग पेढे वाटायचा. घरी झालेल्या बाळंतपणांची वेळ तर दुसरीकडे कुठेच लिहिलेली नव्हती. जुन्या वह्या यांनी टाइप करून झाल्यावर रद्दीत घातल्या. "आता सगळं आत आहे," म्हणाले होते.

आणि ते आतलं आता टकटक वाजायला लागलं होतं. सुरू व्हायला पंधरा मिनिटं, मग मधेच पडदा निळा.

मुलगी रुचा पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तुमचं मशीन बत्तीस बिटांचं, म्हणजे जुन्या धाटणीचं आहे. आता मिळतात ती चौसष्टची. त्यांच्यावर तुमचा हा इतका जुना प्रोग्रॅम चालणारच नाही. पण आतली माहिती काढून मी नव्यात घालून देते. जुनं चालू आहे तोवरच हं."

"आणि एखादी वेळ चार मिनिटांनी सरकली तर? अख्खी पत्रिका बदलते."

"नाही सरकणार."

"शिवाय सध्या अधिक महिना आहे. नवं काम धरत नाहीत."

झालं! धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे चालतात, कॉम्प्युटरला चौसष्ट बिट चालत नाहीत. "अहो, यंत्राला कसला आलाय मुहूर्त?" मी तोंडावर म्हटलं. हे पंचांगात डोकं घालून बसले. रोज सकाळी बटण दाबण्याआधी मात्र ते हळूच हात जोडायचे, ते मला दिसत होतं.

एका रविवारी रुचा स्वतःच नवा लॅपटॉप घेऊन आली. "तासाभराचं काम आहे, बाबा." यांनी बराच वेळ त्या टकटकीकडे कान दिला आणि, देवाशपथ सांगते, म्हणाले, "घे. कर सुरू."

तेव्हा मीच बोलले. "आठच दिवस राहिलेत. कशाला विषाची परीक्षा?"

तीन आठवडे मी त्यांना हसत होते, पण ते हो म्हणाल्याबरोबर मीच माघार घेतली. काही बिघडलं असतं तर जन्मभर त्या महिन्याला दोष दिला असता यांनी. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली, नुसती भीती. रुचाने माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप पिशवीत घातला.

बुधवारी लाइट गेली. तासाभराने आली. कॉम्प्युटर आला नाही. रुचाने डिस्क पुण्यात एका जाणकाराला दाखवली. यातून काहीच निघणार नाही, असं तो म्हणाला.

अधिक महिना संपला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मिरजगावकडचा अंगद आला. मुलीला स्थळ आलं होतं.

"मास्तर, पोरीची जन्मयेळ द्या. तिची आई न्हाई आता, आन मला काय ध्यानात हाय? तुमच्याकडंच लिवली हुती."

हे खाली बघत होते. "अंगद, ती वेळ माझ्याकडे राहिली नाही. कॉम्प्युटरबरोबर गेली. मुलगी आधीपासून सांगत होती, काढून घेऊ म्हणून. मी थांबलो. माझी चूक."

पाण्याचा तांब्या घेऊन मी दारात उभी होते. यांनी नाही, मी थांबवलं, एवढंच म्हणायचं होतं.

"मंग आता काय करायचं, मास्तर?" अंगद विचारत होता. मी तांब्या दारातच ठेवला आणि आत निघून गेले.