निरसं दूध

बानाबाईची शुगर जुनी, तिच्याशी बानाबाईचं एव्हाना जमलंही होतं. पण वर्षभरापासून संध्याकाळी अंगात कणकण भरायची, घामानं लुगडं भिजायचं, कंबर धरायची. थोडे दिवस बरे जात, मग पुन्हा तेच. जाईल त्या दवाखान्यात एकच उत्तर, शुगरमुळं होतं. एकानं तर मनाचे खेळ म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या दिवशी दौलताबादला परतताना ती एसटीत पदराआड रडली. मुंजाबानं ते पाहिलं.

नवरा म्हणून जमेल ते तो करत होता. दारात दुभती शेळी एकच. सकाळी पितळी पेल्यात धार काढून तो फेसासकट तिच्या हातात द्यायचा आणि स्वतः कोरा चहा घ्यायचा. दूध मिळून पेलाभर, त्यात वाटेकरी कशाला?

संभाजीनगरच्या निशा डॉक्टरांनी मात्र शुगरचं नाव न काढता विचारलं, "घरी जनावरं आहेत?"

"शेळ्या हायेत की. गेल्या साली दोन गाभडल्या, दिवस भरायच्या आधीच," मुंजाबा म्हणाला.

"दूध उकळून देता?"

"छ्या! उकळल्यावर ताकद काय ऱ्हाती? निरसंच देतो हिला." हे त्यानं छाती काढून सांगितलं.

रक्ताचा रिपोर्ट आला. शेळीच्या निरशा दुधातून येणारा ताप होता. न चुकता गोळ्या घेतल्या की जाईल, यापुढं दूध उकळूनच प्या, शेळीलाही तपासून घ्या, असं डॉक्टरांनी समजावलं.

"म्हंजी मी सोंग करत नव्हते?" बानाबाईचा चेहरा उजळला.

"अजिबात नाही."

तिनं आनंदानं नवऱ्याकडं पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळी ओरडत राहिली, मुंजाबा उठेना.

"धार काढा की."

"नाय. वर्षभर ह्याच हातानं तुला दुखणं पाजलं."

बानाबाई चिडली. "समद्यांनी मला येडी ठरवलं, तवा तुमाला एकट्यालाच माझं दुखणं खरं वाटलं. नायतर पेला कशाला भरला असता? उठा!"

तो उठला. दूध एकदा उकळलं, भरवसा वाटेना म्हणून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा.

"अवं, बासुंदी करता व्हय? शुगर हाय मला!" ती हसली. उरल्यातलं निम्मं तिनं त्याच्या कोऱ्या चहात ओतलं.

"तुला कमी पडंल," तो म्हणाला.

"पडू द्या."

मुंजाबानं तोंड फिरवून डोळे पुसले आणि चहा प्यायला.