बाबांचा उजवा हात

"वाचा शाबूत आहे, नशीब समजा," डॉक्टर म्हणाले. बाबांना घरी आणल्यावर कळलं, नशीब अर्धंच आलंय.

आई जन्मापासून बहिरी. बाबांना ऐकू येतं. पण लग्न ठरलं तेव्हा वर्षभर खपून त्यांनी खुणांची भाषा शिकून घेतली. पुस्तकं बांधायचा त्यांचा धंदा. सुई-दोरा, खळ, कातर यांत मुरलेली बोटं. त्याच बोटांनी ते आईला चिडवायचे, शेजाऱ्यांच्या नकला करायचे. दोघं भांडायला लागली की आधी टेबलावरचे पेले उचलून ठेवावे लागत.

पक्षाघाताच्या झटक्यात उजवी बाजू गेली. डाव्या हाताने अर्धेमुर्धे शब्द व्हायचे, बाकीच्यांना दोन्ही हात लागायचे. तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यामुळे आईला ओठही वाचता येईनात. आमच्याशी बाबा बोलत होते. आईच्या लेखी मात्र ते मुके झाले होते.

व्यायामासाठी आम्ही त्यांना रोज इस्पितळात न्यायचो. तिथे हाताचं यंत्र होतं. जाड रबरी मोजा, प्रत्येक बोटाला बारीक तार, मागे मोटर. मूठ उघडायची, मिटायची. समोरच्या पडद्यावर टोपलीत फळं पडायची आणि गुण मिळायचे.

"काका, सगळं यंत्रावर सोडू नका, तुम्हीही जोर लावा!" व्यायाम घेणारी ताई म्हणायची.

"लावतोय की. या वयात फळं वेचायला बसवलंत!"

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघायची. चौथ्या दिवशी ताईने बाबांचा तळवा वर करून यंत्र चालू केलं. चारही बोटं आत वळली, उघडली, पुन्हा आत वळली. आई ताडकन उठली. चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. बाबांसमोर येऊन तिने हातानेच विचारलं, 'काय हो?'

बोटं तिला बोलावतच राहिली. ये. ये. ये.

"मी नाही बोलावलं गं," बाबा मला म्हणाले. "सांग तिला. यंत्र आहे ते."

मी सांगितलं. आईने मान हलवली आणि जाऊन खुर्चीत बसली.

दुसऱ्या दिवशी बाबा मोजा घालेनात. ताईने समजावलं, मी रागावले. शेवटी आईनेच त्यांचं एकेक बोट सरळ करून आत सरकवलं.

पाच महिन्यांनी पकड सुधारली. बाबा कप धरू लागले, दाराची कडी काढू लागले. पण बोटं सुटी होईनात. हलली तर चारही एकदम. खुणांना तर एकेक बोट वेगळं लागतं.

"काका, यापुढे फारसा फरक पडेल असं वाटत नाही," ताई हळूच म्हणाली. बाबांनी उजव्या हाताने तिचा हात घट्ट धरला आणि आभार मानले.

तेव्हापासून ते आईशी माझ्या हातांनी बोलतात. औषधं, भाजी, गळका नळ, इथवर ठीक चालतं. भांडण मात्र जमत नाही. त्यांचा राग माझ्या हातात उतरेपर्यंत निवलेला असतो.

परवा जेवणं आटोपल्यावर बाबा म्हणाले, "तिला सांग, मी..."

मी हात उचलले. आई माझ्या बोटांकडे बघू लागली. बाबा थांबले.

"राहू दे," ते म्हणाले. "हे तुझ्या हातून नको."

'काय म्हणाले?' आईने विचारलं.

'काही नाही,' मी खूण केली.

तिला ते पटलं नाही. ती बराच वेळ बाबांच्या ओठांकडे बघत राहिली.