दारावर राहिलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. भिलाईजवळच्या रसमड्याच्या एका कारखान्यात पत्रा वाकवून, वेल्डिंगच्या ठिणग्यांत माझा जन्म झाला. तिथून मी भिलाईत धनंजयभाऊंच्या क्वार्टरमध्ये आलो. तेव्हा माझा हिरवा रंग इतका चकचकीत होता, की पाहुणे माझ्यात बघून भांग पाडत. पुढे चकाकी उडाली. मी खट्टू झालो. पण खरखरीत रंगावर खडू छान उमटतो, हा शोध त्यांच्या लेकीने, उत्कर्षाने लावला.

तिची शाळा हिंदी. मराठी फक्त घरात. म्हणून माझ्या दारावर ती नवा मराठी शब्द लिहू लागली. नियम तिच्या आईचा, रत्नमालाबाईंचा: खऱ्या वाक्यात वापरला, तरच शब्द पुसायचा.

'निथळणे' आला, तेव्हा उत्कर्षा म्हणाली, "पानांवरून मोत्यासारखे पाणी निथळते."

"कोणत्या पानावरून? पाहिलं का तुनं?" आईने विचारलं.

"किताब में है ना."

"मंग किताबच पूस."

संध्याकाळी वडील स्टील प्लांटमधून आले. उत्कर्षा म्हणाली, "बाबांच्या शर्टातून घाम निथळून राहिला." शब्द पुसला गेला.

एकदा दारावर 'निरुपयोगी' होता. त्याच दिवशी सिविक सेंटरच्या बाजारातून आरशाचं नवं कपाट यायचं होतं. मला भंगारात न्यायला केवलराम कबाडी ठेला घेऊन उभा होता.

धनंजयभाऊ म्हणाले, "घे वाक्य. हे कपाट निरुपयोगी आहे. पूस तो शब्द."

माझ्या बिजागऱ्या थिजल्या. उत्कर्षाने ओला फडका उचलला आणि परत खाली ठेवला.

"बाबा, हे वाक्य खोटं आहे."

"कावून? कडी तुटली, दार कुरकुरते."

"कुरकुरते, पण लागते ना. आन् तुमच्या आरशावर खडू उमटते का?"

धनंजयभाऊंनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं.

"माह्याकडे काय पाहता? खोट्या वाक्यानं शब्द पुसत नाही," त्या म्हणाल्या.

"साहब, उठाऊँ कि नहीं?" केवलरामने विचारलं.

धनंजयभाऊ हसले. "रहने दो भाई. घर में मास्टरनी है."

आता खोलीत नवं कपाट आहे आणि मी मागच्या व्हरांड्यात असतो. धनंजयभाऊंनी स्वतः मला नवी कडी लावली. मित्रांनो, एखादी वस्तू टाकण्याआधी तिच्याविषयीचं आपलं वाक्य खरं आहे ना, एवढं तपासून बघा.

'निरुपयोगी' अजून माझ्या वरच्या कोपऱ्यात आहे. उत्कर्षा तो शब्द घरातल्या एकेका वस्तूला लावून बघते, नकारार्थी मान हलवते आणि त्याच्याखाली दुसरा नवा शब्द लिहिते.