मुदतवाढ

लक्ष्मीकांत देवळ्यांनी खुर्ची ओढली, बसायच्या आधी मोबाईल टेबलावर ठेवला आणि उघडलेल्या पानावरच्या एका ओळीवर बोट टेकवलं.

"दिनानाथबाबू, हे बघा जरा. मी गेलो कधी?"

दिनानाथांनी चष्मा लावला. पान त्यांचंच होतं. बंद पडलेल्या मिलच्या विणाई खात्यातल्या चारशे बारा कामगारांची यादी: नाव, टोकन नंबर, भरतीचं साल. देवळ्यांच्या बोटाखाली लिहिलं होतं, कै. लक्ष्मीकांत विठ्ठल देवळे. त्याच्या खालच्या ओळीत लक्ष्मीकांत साखरे. साखरे करोनात गेले होते, आणि त्यांच्या नावापुढे काहीच नव्हतं.

"त्यांचं तुम्हाला लागलं," दिनानाथ हळूच म्हणाले. "एक ओळ वर सरकलं."

"साखरेची मजा झाली मग." देवळे हसले. "नातीनं उघडून दिलं. पलकनं. म्हणाली, आजोबा, तुम्ही तर ऑफ झालात."

"आज दुरुस्त करतो," असं दिनानाथांच्या तोंडून निघून गेलं, आणि पुढच्याच क्षणी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दुरुस्त करता येणार नव्हतं. ते त्यांना चार महिन्यांपासून ठाऊक होतं.

मिलमध्ये दिनानाथ हजेरीबाबू होते. सव्वीस वर्षं त्यांनी फाटकाजवळच्या खिडकीत बसून माणसांच्या नावांपुढे खुणा केल्या, आणि हजर माणूस गैरहजर लागला अशी एकही तक्रार त्यांच्यावर आली नाही. मिल बंद झाल्यावर कागदपत्रं भंगारात निघाली तेव्हा त्यांनी विणाई खात्याची दोन रजिस्टरं मागून घेतली. निवृत्त माणसाचा वेळ लावून, घरोघरी जाऊन, कोण आहे, कोण गेलं, हे विचारून त्यांनी यादी केली आणि एक साधी वेबसाईट काढली. दुसऱ्या वर्षी ते बायकोच्या आजारपणात अडकले, वेबसाईटच्या नावाच्या मुदतवाढीचे पैसे भरायचे राहिले, आणि महिनाभरानं कामगारांच्या यादीच्या जागी ऑनलाईन रमीचे पत्ते दिसायला लागले. मिलकामगारांच्या वस्तीतून, परदेशीपुऱ्यातून, लोकांचे फोन आले. काय बाबूजी, आम्हाला जुगाराला बसवलं का?

म्हणून या वेळी त्यांनी ब्लॉकचेनवरचं नाव घेतलं. ते कुठल्या कंपनीच्या हातात नसतं, कोणी काढून घेऊ शकत नाही, असं त्यांनी वाचलं होतं. त्यासाठी मोबाईलवर डिजिटल पाकीट काढावं लागलं. पाकिटानं बारा इंग्रजी शब्द दिले. पानावर काहीही बदलायचं तर हीच किल्ली, ती हरवली तर काही उपाय नाही, असं पाकीट सांगत होतं. हाताशी औषधांच्या दुकानाचं बिल होतं. त्याच्या कोऱ्या भागावर त्यांनी ठळक, सुटसुटीत अक्षरांत बारा शब्द लिहिले.

नाव मिळालं, पण पान कोणाच्याच मोबाईलवर उघडेना. साध्या ब्राउझरला हे नाव कळतच नव्हतं. नावाच्या शेवटी आणखी एक शेपूट जोडलं की उघडतं, हे दिनानाथ फोनवर समजावून सांगत. पलीकडून "हां हां" येई आणि पुन्हा काही नाही. आठ महिन्यांत ज्यानं खरोखर उघडून वाचलं असा पहिला माणूस म्हणजे देवळे.

किल्ली गेली ती जुलैमध्ये. जुना फोन त्यांनी एक्सचेंजमध्ये दिला. बारा शब्द कागदावर होते, त्यामुळे काळजी नव्हती. दुकानदारानं त्यांच्यासमोर फोन पुसून कोरा केला. तिथून दिनानाथ शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि तो कागद कायमचा टिकावा म्हणून लॅमिनेशनला दिला. मशीनच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर आली ती गुळगुळीत, चकचकीत, पूर्ण काळी पट्टी.

"अंकल, ये मशीन वाला बिल था क्या?" झेरॉक्सवाला म्हणाला. "गरम होते ही काला पड़ जाता है. पूछ तो लेते."

ती पट्टी त्यांनी खिडकीशी धरली, विजेरीपुढे धरली, तिरपी करून पाहिली. सून पूर्वानं तिचे फोटो काढून संगणकावर उजळ करून पाहिले. दोन शब्दांचा अंदाज आला, बाकी दहा गेले. पाकिटाच्या मदत केंद्राला पत्र लिहिलं तर उत्तर आलं, आमच्याकडे किल्ली नसते, कोणाकडेच नसते. दिनानाथांनी ओळखपत्र पाठवलं, नोंदणीची पावती पाठवली, मिलमधलं स्वतःचं नेमणूकपत्रही पाठवलं. पुन्हा तेच उत्तर. आयुष्यभर त्यांनी खिडक्यांपुढे उभ्या राहिलेल्या लोकांचे अर्ज घेतले होते. इथे खिडकीच नव्हती.

देवळ्यांना त्यांनी हे सगळं सांगितलं.

"म्हणजे मी असाच राहणार?" देवळ्यांनी विचारलं.

"मार्चमध्ये नावाची मुदत संपते. मी भरणार नाही. नंतर नव्वद दिवस वाट पाहायची, मग ते सगळ्यांसाठी खुलं होतं. तेव्हा मी नव्यानं घेईन आणि यादी दुरुस्त करून चढवीन. बारा जूननंतर."

"आणि दुसऱ्या कोणी घेतलं तर?"

"मी पहाटेपासून बसेन."

चहा संपवून, मोबाईल खिशात घालून देवळे परदेशीपुऱ्याला परत गेले.

पुढचे महिने दिनानाथांनी धुसफुसत काढले. कॅलेंडरवर बारा जूनला गोल केला. नवं पाकीट काढलं. त्याचे बारा शब्द तीन वह्यांत लिहिले आणि पूर्वाकडून तपासून घेतले. जेवताना मध्येच थांबून ते म्हणत, "जिवंत माणूस आहे तो." पूर्वा म्हणे, "बाबा, देवळेकाकांनी मनावर घेतलेलं नाही." त्यावर ते ताट सरकवत. "मी घेतलंय."

तेरा जूनला सकाळी साडेपाचला ते संगणकासमोर बसले. नाव टाइप केलं. पडद्यावर 'उपलब्ध' यायला हवं होतं. आलं, 'नोंदणीकृत', आणि पुढची तारीख पाच वर्षांनंतरची.

पूर्वा चहा घेऊन आली तेव्हा ते खुर्चीत मागे टेकून बसले होते.

"गेलं," ते म्हणाले. "परत पत्ते येतील."

तिनं पान उघडलं. पत्ते नव्हते. यादी होती तशीच होती, 'कै.'सकट. तिनं नोंदींचा इतिहास काढून वाचला.

"बाबा, मालक अजून तुम्हीच आहात. कोणीतरी फक्त मुदत वाढवलीये. पाच वर्षं. मे महिन्यात." ती आणखी खाली गेली. "इथे लिहिलंय की मुदत कोणीही वाढवू शकतं. त्याला किल्ली लागत नाही."

"कोण वाढवेल?" असं त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच ते शर्टाची बटणं लावायला लागले.

सुदामा नगरहून परदेशीपुऱ्याला पोचेपर्यंत आठ वाजले. देवळे ओट्यावर बसून पेपर वाचत होते. पलक ऑफिसला निघायच्या तयारीत होती. दिनानाथांना पाहून तिनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"तुम्ही केलंत हे?" दिनानाथांनी देवळ्यांना विचारलं.

"पलकनं केलं. माझ्या सांगण्यावरून."

"विचारायचं तरी. सात महिने मी तारीख धरून बसलोय."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"अहो, पाच वर्षं ते तसंच राहील आता. तुमच्या नावापुढे."

"राहू द्या ना." देवळ्यांनी पेपराची घडी घातली. "नव्वद दिवसांनी कोणी दुसऱ्यानं उचललं असतं तर चारशे बाराच्या चारशे बारा गेले असते. माझं एकच चुकलंय. आणि मला अठ्ठ्याहत्तर पुरी झाली, बाबू. पाच वर्षं म्हणजे..." वाक्य तसंच सोडून त्यांनी पलकला चहाची खूण केली.

दिनानाथ उभेच राहिले.

समोरच्या घरातून मंगलाबाई आल्या. त्यांचे यजमान त्याच खात्यात होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांनी मोबाईल पलककडे दिला.

"बेटा, ते पान गेलं वाटतं. जरा परत लावून दे. सुनेच्या माहेरचे आलेत, त्यांना दाखवायचंय."

पलकनं लावून दिलं. मंगलाबाईंनी दोन बोटांनी पान मोठं केलं, आणखी मोठं केलं. शेवटी पडद्यावर एकच नाव उरलं आणि त्याच्या बाजूला टोकन नंबर. तो त्यांनी पुटपुटत वाचला. मग ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाकडे त्यांचं लक्ष गेलं.

"हे तुम्हीच लिहिलंत ना, बाबूजी? पुसलं तर नाही ना जाणार?"

दिनानाथांनी देवळ्यांकडे पाहिलं. देवळे बशीत चहा ओतत होते.

"नाही," दिनानाथ म्हणाले आणि ओट्यावर टेकले. "मलासुद्धा पुसता येत नाही."