अंगणाखालून आलेली ओवी

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. घरात इंटरनेट पोचवणारी, दोन शिंगांची पांढरी डबी तुम्ही पाहिली असेल, तीच मी. आता माझा रंग पिवळट झाला आहे आणि एक शिंग दोऱ्याने बांधले आहे.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. तिथे आम्ही हजारो एकसारखे होतो आणि कुणालाच नाव नव्हते. बीडच्या दुकानातून गहिनीनाथ मला चौसाळ्याजवळच्या त्यांच्या वस्तीवर घेऊन आले. त्यांच्या मुलीला, धनश्रीला, अभ्यासाला मी हवा होतो. ओसरीतल्या देवळीत माझी जागा ठरली. एक वायर माझ्यातून निघून धनश्रीच्या कॉम्प्युटरला जात असे. बाकीच्यांना मी हवेतून, वायफायने, जे हवे ते देत असे. दसऱ्याला भामाआजींनी मलाही हळदकुंकू वाहिले. माझी तेव्हा किती वाहवा झाली म्हणून सांगू!

माझ्यावर सगळ्यांत जास्त जीव होता तो म्हाळूआबांचा. ते गहिनीनाथांचे वडील. सारा जन्म त्यांनी शेळ्यामेंढ्यांमागे रानोमाळ घालवला. आता गुडघे दुखत म्हणून ते घरीच असत आणि फोन गळ्यात अडकवून धनगरी ओव्या ऐकत. त्यांच्या फोनचे रिचार्ज कधीच संपले होते. त्यावर कुणाचा फोन येत नसे आणि त्यावरून कुणाला लागतही नसे. अंगणातल्या लिंबापर्यंत माझे वायफाय पोचे, तेवढाच त्यांच्या फोनचा जीव. लिंब ओलांडला की ओवी थांबायची आणि आबा पुटपुटत मागे फिरायचे.

एके दिवशी सकाळी लाईट गेली आणि माझे डोळे मिटले.

संध्याकाळी लाईट आली. मी जागा झालो तेव्हा घर रडत होते. आबा सकाळपासून सापडत नव्हते. गहिनीनाथ त्यांना शोधायला बीडच्या बसस्टँडवर गेले होते. वस्तीवरची माणसे विहिरी पाहून आली होती. धनश्री कॉम्प्युटरवरून आबांचा फोटो गावोगावच्या ओळखीच्यांना पाठवत होती.

आणि मित्रांनो, जागे होताच ज्या फोनने मला पहिली हाक दिली, तो आबांचा होता.

हाक बारीक होती. मध्येच तुटायची, पुन्हा जुळायची. त्याने मागितली ती ओवी मी पाठवली. आबा इथेच कुठेतरी आहेत, हे मला कळले होते. पण मला जीभ नाही. मी फक्त दिवे लुकलुकवू शकतो, आणि ते तर मी रोजच लुकलुकवतो.

थोड्या वेळाने घराला ओवी ऐकू येऊ लागली.

आधी भामाआजींनी मान वर केली. मग सुनेने, बबिताने, हातातली घागर खाली ठेवली. आवाज खोल होता, घुमल्यासारखा. डफाची थाप जवळची वाटायची, पण ती कुठून येते ते उमगत नव्हते. बबिताने घरातले सगळे फोन बाजेवर मांडले. सगळे गप्प होते. गोठ्यात शेळ्यांनी चारा सोडला होता. साऱ्या एकाच बाजूला तोंड करून, कान टवकारून उभ्या होत्या. त्या बाजूला कडब्याच्या ढिगाशिवाय काहीच नव्हते.

"ह्यांचीच ओवी हाय," भामाआजी कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "पण माणूस न्हाई."

शेजारचे आप्पाराव ओसरीत बसले होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, हे लक्षण लई वाईट हाय. त्या डबीतून येतंय ते. आधी ती बंद करा."

"बंद कर गं, पोरी," भामाआजींनी कानांवर हात ठेवले. "मला ऐकवत न्हाई."

"समदी बंद नको आजी, फोटो जायचेत," धनश्री म्हणाली. "नुसतं वायफाय बंद करते. वायर चालू राहू दे."

तिने माझ्या पाठीवरचे छोटे बटण दाबून धरले. माझा एक दिवा विझला. वायरीतून फोटो जात राहिले, पण हवेत पसरलेले माझे हात गळून पडले. आबांच्या फोनची हाक मला ऐकू येईनाशी झाली.

थोडा वेळ ओवी चालली आणि मग शब्द अर्धाच सोडून थांबली.

आप्पाराव म्हणाले, "बगा, गेलं."

धनश्री मात्र माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिने पुन्हा बटण दाबले. माझा दिवा लागला. आम्ही सगळेच वाट पाहत होतो. आणि जमिनीखालून डफ वाजला.

"आई!" ती किंचाळली. "आबाच्या फोनात रिचार्ज न्हाई! आपल्या वायफायवर वाजतोय तो. आबा लिंबाच्या अलीकडंच हायत!"

ती शेळ्यांच्या नजरेच्या रोखाने धावली. बबिता आणि आप्पारावांनी कडब्याच्या पेंढ्या भराभर बाजूला फेकल्या. खाली जुने पेव होते. धान्य साठवायला पूर्वी जमिनीत असा खोल खड्डा खणत. त्यावरची फळी कुजून मोडली होती. कडबा काढायला गेलेले आबा आत पडले होते आणि वरून सारा ढीग त्यांच्यावर घसरला होता. आप्पारावांनी पेवाच्या तोंडाशी आडवे होऊन हाक मारली. आतून फक्त ओवी आली.

दोर आणि शिडी आणून त्यांना वर काढले. पाय मोडला होता, छाती दुखावली होती. धुळीने घसा पार बसला होता.

दवाखान्यातून परत आल्यावर एका दुपारी आबा बाजेवर पडून धनश्रीशी बोलले. आवाज अजून घोगरा होता.

"मला वरडता येत नव्हतं, पोरी. लाईट आली अन् फोनात ओवी सुरू झाली, तवा म्हणलं आता हीच माझी हाक. संपली की बोटानं पुन्हा लावायचो. कावून बंद केली बरं तुमी?"

"आमी भ्यालो, आबा."



आता पेव बुजवले आहे. मित्रांनो, मी जुना झालो, उद्या माझ्या जागी दुसरा येईल. माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण एखादा आवाज नकोसा वाटला, भीतीदायक वाटला, तर तो बंद करण्याआधी एकदा विचारा, की तो कुणाचा आहे. कारण त्या दुपारी आबा शेवटी जे म्हणाले, ते मी अजून विसरलो नाही.

"ओवी थांबली तवा मी मेलो असं मला वाटलंच न्हाई गं. वाटलं, वर तुमीच कुणी उरला न्हाईत."