जर्मनीचं तेल

हल्ली इंद्रपुरीतल्या औषधाच्या दुकानात सनस्क्रीन घ्यायला उभी राहिले की डोकं भणभणतं. एसपीएफ तीस की पन्नास, जेल की लोशन! आमच्या लहानपणी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये उन्हावर एकच उपाय होता, डोक्याला ओढणी गुंडाळा आणि सायकल दामटा. पण एका मे महिन्यात आमच्या क्वार्टरमध्ये जर्मनीचं तेल आलं. तो मे मला पुन्हा हवा आहे, लूच्या झळा आणि घामोळ्यांसकट.

माझी मोठी बहीण शालिनीताई टाउनशिपच्या संघातून हॉकी खेळायची. जूनमध्ये हरिद्वारला सामने होते आणि त्यासाठी ती जिवाचं रान करत होती. नेमकं तेव्हाच नागपूरचं स्थळ आलं. लग्न ठरलं की हॉकी संपली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईनं वर बजावलं, "रंग रापला तर आजपासूनच बंद."

तेवढ्यात कारखान्यातर्फे जर्मनीला ट्रेनिंगसाठी गेलेले श्रीकांतकाका परतले. तिथल्या दुकानात हातवारे करून त्यांनी उन्हात लावायचं काहीतरी मागितलं होतं. बाटलीवर वाळूत पहुडलेली तांबूस बाई होती. "बघ, कशी सोन्यासारखी तुकतुकीत झालीये," आई म्हणाली, आणि रोज सकाळी ताईला समोर बसवून तिच्या चेहऱ्याला, हातांना तेल चोळू लागली. घरभर खोबऱ्याचा गोड वास सुटायचा. आई गुणगुणायची. एरवी तिला आमचे लाड करायला फुरसत कुठे होती!

ताई तव्यासारखी झाली. "यंदा ऊनच कडक," म्हणत आईनं तेल वाढवलं.

मागच्या अंगणात ताई मला म्हणाली, "अगं, गोरे लोक हे काळं व्हायला लावतात! चित्रात दिसतंय की. तू चुप बैठ, एकदम चुप." दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून गाल पुढे केला.

पाहुणे आले. मुलाच्या आईनं ताईचा हात उलटसुलट करून पाहिला. "खेळबिळ आमच्याकडे चालत नाही हं. आणि किती राठ हात!" आईनं त्यांना पोह्यांचा आग्रह केला नाही.

रंगावरून नकार आला. त्याच दिवशी ऑफिसात कुणीतरी काकांना तेलाचा खरा उपयोग सांगितला. ते ऐकून आई स्वयंपाकघरात पाटावर बसून रडली. "माझ्याच हातांनी चोळलं गं. पोरीचं वाटोळं केलं मी."

ताईला ते सहन होईना. तीही रडायला लागली. "आई, मला माहीत होतं. मुद्दाम लावून घेत होते. मला हरिद्वारला जायचंय."

आता धपाटा बसणार, म्हणून मी दारातच थिजले. आईनं पदरानं नाक पुसलं आणि ताईची हनुवटी धरून तिचं तोंड इकडे तिकडे वळवून पाहिलं.

"मग आधी सांगायचंस, मूर्खे," ती म्हणाली. "मान गोरीच राहिली ना तुझी!"